भुताच्या मनोऱ्यात ढमी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शिस्तीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये. गेली बावीस वर्षं मी औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे आणि या बावीस वर्षांत माझ्या ताब्यातलं एकही खोकं मुदत संपून फेकावं लागलेलं नाही. एकही! यामागचं गुपित एका ओळीचं आहे: जुना माल आधी बाहेर. जे आधी आलं ते आधी जाणार, मागून आलेलं मागे थांबणार. नवा माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडून हे वाक्य तीनदा म्हणवून घेतो. गोदामात मला मागून 'मुदतकाका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणेनात का.

तर अशा माणसाला व्हिडिओ गेममधला एक मनोरा काय जड जाणार, असं मला वाटलं आणि तिथेच माशी शिंकली.

गेम माझा नव्हे, सासूबाईंचा. वर्षभरापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं की बोटं सतत हलती ठेवा. बायकोनं आधी मऊ चेंडू आणला, मग लोकरीच्या सुया आणल्या. सासूबाईंनी दोन्ही कपाटात ठेवून दिलं. शेवटी तिनं हातात धरून खेळायचा हा गेम आणला. त्यात जंगलं आणि गुहा हिंडायच्या, तिथले राक्षस पकडायचे आणि पाळायचे. राक्षस आपले नावापुरते. कोणी कोंबडीएवढा, कोणी उशीएवढा. पकडलेला राक्षस बरणीत राहतो, बरणी पिशवीत जाते आणि पिशवीत जागा फक्त सहा बरण्यांना.

दोन दिवसांत सासूबाईंची बोटं हलायला लागली. आठ दिवसांत अशी परिस्थिती आली की त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागे आणि तिसऱ्या हाकेला "एवढी गुहा होऊ दे गं" असं उत्तर येई.

त्यांनी पकडलेला पहिला राक्षस म्हणजे ढमी. हे नाव त्यांनीच ठेवलं. हिरवट, गोल, अंगापेक्षा कान मोठे आणि चालताना "हूं, हूं, हूं" असा आवाज काढणारी. लढाईत तिचा उपयोग शून्य. समोर कोणी उभं राहिलं की ही कान डोळ्यांवर ओढून खाली बसायची. पण सासूबाईंचा तिच्यावर असा जीव जडला की दुपारी आडवं व्हायच्या आधी त्या तिचा निरोप घ्यायच्या आणि उठल्यावर पहिली चौकशी तिची. मी बावीस वर्षं जावई आहे, माझी चौकशी सणासुदीला होते.

आता मनोऱ्याचं. या गेममध्ये एक सात मजली झपाटलेला मनोरा आहे. त्याचं दार वर्षातून एकच आठवडा उघडतं. सातव्या मजल्यावरची घंटा वाजवली की पलीकडच्या बेटावर जाता येतं. आठवडा संपला, शुक्रवारी दुपारी दोनला दार लागलं, की जो आत राहील तो वर्षभर आत. सासूबाई कितीतरी महिने या आठवड्याची वाट बघत होत्या आणि नेमकी त्याच आठवड्यातल्या सोमवारची त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कुठल्याही पडद्याकडे बघायचं नाही.

"ऑपरेशन पुढे ढकलू या," सासूबाई म्हणाल्या.

"आई, डोळा आहे तो," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, तिच्याशी वाद घालता येत नाही.

"डोळा कुठे पळून जातोय? मनोरा जातोय."

तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "आई, तुम्ही निश्चिंत जा. मनोरा माझ्याकडे लागला. दोन संध्याकाळी पुरे झाल्या."

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ती पेपर तपासताना वापरते. पण सासूबाईंनी गेम माझ्या हातात दिला. देताना म्हणाल्या, "जावईबापू, बेट नाही मिळालं तरी चालेल. ढमीला सांभाळा."

ऑपरेशन छान झालं. सोमवारी संध्याकाळी सासूबाई काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या आणि मी आतल्या खोलीत मनोऱ्यात शिरलो.

आत शिरताच मला त्या मनोऱ्याच्या व्यवस्थापनाची कीव आली. एकाही मजल्यावर दिवा नाही. जिन्यावर कठडा नाही. कुठल्याही दारावर पाटी नाही. भुतं कुठेही, कशीही ठेवलेली. एक पांढरं भूत तर चक्क वाटेत पडलं होतं. असं गोदाम माझ्या हाताखाली असतं तर मी पहिल्या दिवशी झाडू मागवला असता. पण भुतं मात्र मऊ निघाली. सासूबाईंच्या बरण्यांतला एक शिंगवाला राक्षस पुढे केला की दोन फटक्यांत गपगार. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी तिसऱ्या मजल्यावर होतो आणि एक निळं, झगझगीत, तीन तोंडांचं भूत बरणीत अलगद घातलं होतं.

पडद्यावर अक्षरं आली: पिशवी भरली आहे. कोणाला सोडायचं?

खाली सहा बरण्यांची यादी आणि प्रत्येकीपुढे पकडल्याची तारीख. तारीख! अहो, इतकी नीट लावलेली यादी पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. नजर आपोआप सर्वात जुन्या तारखेवर गेली आणि बोट नजरेच्या मागोमाग. विचार नावाची गोष्ट मध्ये आलीच नाही. बावीस वर्षांची सवय आहे, ती विचाराची वाट बघत नाही.

जुना माल बाहेर.

मग अक्षरं आली: ढमी बरणीतून बाहेर पडली. तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. मग ती अंधारात गेली.

मी गेम बंद केला, पुन्हा चालू केला. झालेली गोष्ट गेमनं आपली आपण जपून ठेवली होती. ढमी नव्हती ती नव्हतीच.

"जावईबापू," बाहेरून आवाज आला, "ढमी काय करतेय?"

"मजेत आहे आई."

"हूं हूं ऐकू नाही आलं बराच वेळ."

डोळे झाकले की माणसाचे कान दुप्पट होतात, याचा मला त्या क्षणी अनुभव आला. मी तोंडावर हात धरला आणि भिंतीकडे वळून म्हणालो, "हूं, हूं, हूं."

"सर्दी झालीय वाटतं तिला," सासूबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सहा जणांमधून तू ढमीला सोडलंस?"

"जुना माल आधी..."

"या घरात राहायला आधी कोण आलं?"

"मी. तू लग्नानंतर आलीस."

"मग नियमाप्रमाणे आधी कोण जाणार?"

मी समोरचा लसूण सोलायला घेतला. गणिताच्या बाईंपुढे उदाहरण सुटलं की हाताला काम द्यायचं असतं.

"शुक्रवारी दुपारी दोनच्या आत ती परत आण," ती म्हणाली. "प्लास्टर निघाल्यावरही आई हात तसाच धरून बसली असती, त्या ढमीमुळे ती हसायला लागली. वर्षभर वाट बघ म्हणून तिला तू सांगणार आहेस की मी?"

गेमच्या मदतीच्या पानावर उपाय सापडला. सोडलेला राक्षस मनोऱ्यातच भटकतो. बाजूचं बटण दाबून धरायचं आणि गेममध्ये बोलायचं. मालकाचा आवाज ओळखला तर तो जवळ येतो. बटण सुटलं, आवाज थांबला, की पळतो. मी लगेच ते निळं भूत सोडून पिशवीत जागा केली आणि बटण दाबून हलक्या आवाजात म्हणालो, "ढमी, इकडे ये." अंधारातून दोन कान वर आले, माझा आवाज ऐकला आणि खाली गेले. मालकाचा आवाज म्हणजे सासूबाईंचा आवाज. म्हणजे मला त्यांचा आवाज काढायचा होता आणि तो घरात काढणं शक्य नव्हतं, कारण आवाजाची मालकीण पलीकडे दुप्पट कान घेऊन बसली होती.

म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता नऊ नंबरच्या रॅकमागे गेलो. आमच्या गोदामात रॅक छतापर्यंत जातात आणि नऊ नंबरमागे सलाइनच्या खोक्यांची भिंत असते. तिथे कोणी फिरकत नाही. खोक्यावर बसलो, बटण दाबलं, घसा पातळ केला आणि सासूबाईंसारखा हेल काढला: "ये गं ढमे... ये गं बाई माझी... कुणी काही करत नाही तुला..."

चौथ्या मजल्यावर कान वर आले. खाली गेले नाहीत! पण मला पुढचं वाक्य सुचेना आणि ती गेली.

दुपारी फोर्कलिफ्टवाला माझ्या टेबलाशी आला. हा माणूस दोन टनांचा माल डोक्यावर असताना शीळ घालतो. त्या दिवशी त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मुदतका... साहेब, नऊ नंबरला बाई आहे."

"कुठली बाई?"

"म्हातारी. कुणाला तरी बोलावतेय. मी बघितलं तर कोणीच नाही."

"वाऱ्याचा आवाज असेल," मी म्हणालो. वारा 'बाई माझी' कसा म्हणेल, हे त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

गुरुवारी मी जास्त तयारीनं गेलो. बायकोनं सासूबाईंची नेहमीची वाक्यं कागदावर लिहून दिली होती. "दमलीस का गं, पाय दुखले का, पाणी पी थोडं" अशी एकामागून एक वाचत मी पाचव्या मजल्यापर्यंत पोचलो. ढमी चार पावलं जवळ आली. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मी खोक्यांच्या फटीतून पाहतो, तर गोदामाच्या मोठ्या दारात सगळी माणसं एकमेकांना धरून उभी. आत यायला कोणी तयार नाही. माल अडकला. गाड्या बाहेर थांबल्या. शेवटी मोठे साहेब आले.

मी दुसऱ्या बाजूनं वळसा घालून गर्दीत मिसळलो आणि "काय झालं, काय झालं?" करू लागलो.

"नऊ नंबरला म्हणे भूत आहे," साहेब म्हणाले. "पाणी पी म्हणतं."

"मग स्वभावानं चांगलं दिसतंय," मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही घाबरत नाही, छान आहे. उद्या सुट्टीत तुम्हीच आत बसा आणि काय आहे त्याचा छडा लावा. आम्ही दाराशी थांबतो."

चोराच्या हातात किल्ल्या दिल्या म्हणतात ते हेच. शुक्रवारी एक वाजता, माझ्याच भुताचा शोध घ्यायला, मी अधिकृतपणे नऊ नंबरमागे जाऊन बसलो. एक तास हातात होता.

ढमी सहाव्या मजल्यावर जिन्याखाली बसली होती. मी कागद वाचून संपवला. ती हलली नाही. पुन्हा वाचला. ती बघत होती, पण तिला काहीतरी पटत नव्हतं. दीड वाजला. पावणेदोन झाले. मग मला राहवलं नाही. आवाज सासूबाईंचाच ठेवला, पण शब्द माझे आले.

"चुकलं गं माझं. बघितलं नाही, विचार केला नाही, तारीख बघितली नि सोडलं तुला. तू काय खोकं आहेस का? तिकडे घरी एक जण रोज विचारते, ढमी कशी आहे म्हणून. मी रोज खोटं बोलतोय गं. चल ना घरी."

खरं सांगतो, मी बाहीला नाक पुसलं. व्हिडिओ गेमपुढे! ढमी उठली. "हूं," म्हणाली. एक पाऊल आली.

दाराशी उभ्या असलेल्यांना काय ऐकू आलं असेल, याची आता कल्पना करा. म्हातारी रडतेय, माफी मागतेय आणि स्टोअरकीपरचा मात्र पत्ता नाही. साहेबांना वाटलं, माणूस गेला. ते शूर निघाले. फोर्कलिफ्टवाल्याचा हात धरून, त्याच्या मागोमाग सगळ्यांना घेऊन धावत आत आले आणि वळणावर थबकले. समोर मी खोक्यावर, पुढे वाकलेला, डोळ्यांत पाणी.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

ढमी माझ्यापासून तीन पावलांवर होती. आवाज थांबला तर पळणार, आवाज बदलला तरी पळणार. तेव्हा मी मान न वळवता, सासूबाईंच्याच आवाजात म्हणालो, "एक मिनिट हं साहेब. घाबरेल ती."

हमालांनी एकमेकांना आणखी घट्ट धरलं.

"कोण घाबरेल?" साहेबांनी नकळत आवाज खाली आणला.

"ढमी गं बाई... म्हणजे ढमी, साहेब. सासूबाईंची आहे. माझ्या हातून हरवली. दोनला दार लागेल बघा."

साहेब हळूच माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांच्या मागे फोर्कलिफ्टवाला, त्याच्या मागे सगळे हमाल. पडद्यावर ढमी थांबली होती, कारण आमच्या मध्ये एक काळं भूत तरंगत आलं होतं.

"डावीकडून घ्या," फोर्कलिफ्टवाला कुजबुजला. "वळायला जागा आहे, कोपऱ्यातून आणा."

"बोलत राहा, बोलत राहा," साहेब म्हणाले.

"ये गं, कोपऱ्यातून ये, हे मामा सांगतात तसं ये," मी म्हणालो. आणि ती आली. दोन्ही कान सावरत, "हूं हूं" करत, भुताला वळसा घालून बरणीत शिरली. दोनला चार मिनिटं कमी होती. शिंगवाल्याला पुढे करून सातवा मजला आम्ही सगळ्यांनी मिळून मारला. घंटा वाजली तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी डोळे पुसले.

मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली. "सोमवारपासून," ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत जेवायचं." दहा पावलं जाऊन परत वळले. "बेटावर काय आहे ते कळवा."

पुढच्या मंगळवारी सासूबाईंचा चष्मा निघाला. गेम हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला चार दिवसांचे श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटले. बेट दिसत होतं, समुद्र दिसत होता, ढमी बरणीतून बाहेर येऊन वाळूत बसली होती. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. कशाला उगीच?

सासूबाईंनी बटण दाबलं. "ये गं ढमे, ये गं बाई माझी."

ढमीनं कानसुद्धा हलवला नाही.

पुन्हा हाक मारली. ढमी समुद्राकडे तोंड करून बसली. सासूबाईंच्या कपाळावर आठ्या आल्या आणि मग त्या आठ्यांच्या जागी असं काहीतरी आलं की मला बघवेना. मदतीच्या पानाची शेवटची ओळ मी घाईत वाचलीच नव्हती: ज्या आवाजानं राक्षस परत आणला, तोच यापुढे मालकाचा आवाज.

मी सगळं सांगितलं. तारखेपासून टाळ्यांपर्यंत. सासूबाई ऐकत राहिल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "मंगळवारी ते हूं हूं ऐकलं तेव्हाच म्हटलं, ही ढमी नव्हे. जावई आहेत."

"मग काही बोलला का नाहीत?"

"तुमचा चेहरा काही दिसला नाही. पण आवाजच इतका घाबरलेला होता, म्हटलं ढमी हरवलीय, शोधतायत तर शोधू देत." त्यांनी गेम माझ्यापुढे धरला. "आता मारा हाक."

"तुमच्यासमोर?"

"ती तिकडे एकटी बसलीय."

मी बटण दाबलं. घसा पातळ केला. सासूबाईंच्या समोर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून, त्यांचाच हेल काढला: "ये गं ढमे... ये गं बाई माझी..."

ढमी वाळूत पडत धडपडत धावत आली. सासूबाई तिच्याकडे बघून हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "मी अशी बोलते?"

"थेट अशीच," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर हजर असतो. बटणं त्या दाबतात, हाका मी मारतो. "'बाई'वर एवढा जोर नको," अशा सूचना मिळतात. त्या मी निमूट पाळतो. ढमी खूश आहे, सासूबाई खूश आहेत आणि माझी चौकशी आता रोज होते.

परवा फोन वाजला तेव्हा आमचं नुकतंच एक जंगल संपलं होतं. मी उचलून "हॅलो" म्हणालो. पलीकडे मेहुणी होती.

"आई, आवाज जरा घोगरा येतोय गं तुझा," ती काळजीनं म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे गं बाई," मी म्हणालो आणि फोन सासूबाईंकडे दिला.